येताना जहाज, जाताना रेल्वे

माझी मावशी १९६९ साली पहिल्यांदा गोव्यात आली ती बोटीने. लग्नाला दोन महिने झाले होते आणि सासूबाई नव्या सुनेला घेऊन कुलदेवाच्या, म्हणजे मंगेशाच्या, दर्शनाला निघाल्या होत्या. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीच्या धक्क्याला लागली. मावशीला मात्र ती मुंबईचा किनारा दिसेनासा व्हायच्या आतच लागली होती. मे महिना होता, पावसाळ्याआधीचा समुद्र अंगात आला होता आणि खालच्या डेकवर पथारी टाकून पडलेल्या मावशीने आयुष्यात पुन्हा बोटीत पाय ठेवणार नाही असे मंगेशाच्या साक्षीने ठरवले होते. गेल्या दिवाळीत, वयाच्या ७८ व्या वर्षी, तिने फोनवर जाहीर केले की तिला पुन्हा एकदा समुद्राने गोव्याला यायचे आहे. मंगेशाला काय सांगायचे ते ती समक्ष सांगणार होती.

मी फोंड्याला राहते आणि वेळापत्रके वाचण्याचा मला जुना नाद आहे, त्यामुळे नियोजन माझ्याकडे आले. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, आणि वहिनी मावशीबरोबर येणार होते. दादाची अट एकच होती: खर्च आवाक्यात राहिला पाहिजे. मावशीच्या अटी दोन होत्या. पहिली, मंगेशीच्या अग्रशाळेतच, म्हणजे देवळाच्या आवारातल्या यात्रेकरूंच्या खोल्यांतच, राहायचे, कारण सासूबाई तिथेच उतरल्या होत्या. माझे घर तिथून हाकेच्या अंतरावर असल्याचा काहीही उपयोग झाला नाही. दुसरी, कोणत्याही टूरवाल्याच्या झेंड्यामागे चालायचे नाही.

क्रूझ हा गोव्याला येण्याचा स्वस्त मार्ग आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. रेल्वेच्या कोणत्याही साध्या वर्गाशी तुलना केली तर तो महागच आहे. जहाजाच्या भाड्यात दोन रात्रींची खोली, दिवसभराचे जेवणखाण आणि प्रवास हे तिन्ही धरलेले असते, आणि त्या तिन्हींचा तुम्हाला खरोखर उपयोग होणार असेल तरच ते भाडे परवडते. मुंबईहून निघून गोव्याला काही तास थांबून पुन्हा मुंबईला नेणारी फेरी सर्वांत जास्त खपते. तिच्यात गोव्याच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो आणि परतीच्या रात्रीचे पैसे मात्र पूर्ण द्यावे लागतात. काही फेऱ्यांमध्ये एकेरी तिकीट मिळते, म्हणजे मुंबईला चढायचे आणि मुरगावला सामानासकट उतरून जायचे. आमच्या सगळ्या योजनेचा पाया हे एकेरी तिकीट होते. जहाजाला फक्त येण्याचे काम द्यायचे, गोव्यातले दिवस आपल्या हाताने रचायचे आणि परतीला कोकण रेल्वे धरायची, असे ठरल्यावर बाकीचे प्रश्न बरेच सोपे झाले.

तारीख निवडताना तीन गोष्टी एकमेकींशी जुळवाव्या लागल्या. पावसाळ्यात या किनाऱ्यावर प्रवासी जहाजे चालत नाहीत, त्यामुळे साधारण ऑक्टोबर ते मे एवढाच हंगाम हाती असतो आणि त्यातला नाताळ ते नववर्ष हा काळ खिशाच्या दृष्टीने वगळलेला बरा. मंगेशीची जत्रा माघात असते आणि त्या दिवसांत अग्रशाळेत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही जत्रा आटोपल्यानंतरचा फेब्रुवारीतला आठवडा धरला. तिसरी गोष्ट रेल्वेची. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, तर जहाजाच्या तारखा त्याच्या कितीतरी आधी विक्रीला निघतात. त्यामुळे आधी जहाज घ्यावे लागते आणि परतीचे तिकीट मिळेल या भरवशावर काही आठवडे काढावे लागतात. मी दिनदर्शिकेवर साठावा दिवस लाल पेनने कोरून ठेवला होता आणि त्या सकाळी आठ वाजता दादा मुंबईत आणि मी फोंड्यात, असे दोघेही संगणकासमोर बसलो होतो. आठवड्याच्या मधला दिवस परतीसाठी निवडला होता, म्हणून तिकिटे मिळाली. रविवारची परतीची गाडी मुंबईकरांनी कधीच भरलेली असते.

आता जहाजाच्या भाड्याविषयी, कारण खरी गोम तिथेच आहे. जाहिरातीत जो आकडा ठळक छापलेला असतो तो दोघांनी एक केबिन घेतल्यास दर माणशी पडणारा मूळ भाव असतो. त्यावर बंदराचे शुल्क, सेवा शुल्क आणि कर चढतात. जाहिरातीच्या आकड्याने हिशोब केला तर तिघांचे भाडे ४०,००० रुपयांच्या आत बसायला हवे होते. पैसे भरायच्या पानापर्यंत पोहोचेतो ते ५६,००० झाले. मी यात फसवणूक पाहत नाही, कारण सगळे तपशील बारीक अक्षरांत लिहिलेले होते, पण ती अक्षरे इतकी बारीक का असावीत हा प्रश्न मला अजून पडतो. म्हणून दोन फेऱ्यांची तुलना करायची असेल तर शेवटच्या पानापर्यंत जाऊन, पैसे भरायच्या एक पायरी आधी थांबून, तिथला आकडा वहीत लिहावा आणि मगच तुलना करावी.

केबिनच्या बाबतीत घरात दोन पक्ष पडले. बिनखिडकीची आतली केबिन सर्वांत स्वस्त असते, मग खिडकीची, मग सज्जाची. जेवण, डेक, करमणुकीचे कार्यक्रम सगळ्यांना सारखेच असतात, त्यामुळे केबिन ही फक्त झोपण्याची जागा मानली तर आतल्या केबिनसारखी दुसरी बचत नाही. वहिनींचे म्हणणे होते की आईंना समुद्र दिसला नाही तर इतका खटाटोप कशासाठी. दादाचे म्हणणे होते की समुद्र डेकवरून फुकट दिसतो. दादा जिंकला, पण त्याची किंमतही त्यानेच मोजली. एकाच केबिनमध्ये तिसरा माणूस घेतला तर त्याचे भाडे पहिल्या दोघांपेक्षा बरेच कमी पडते, आणि मावशीला वेगळी केबिन दिली असती तर एकट्या माणसाला जवळजवळ दोघांचे भाडे भरावे लागले असते. तिसऱ्याचा बिछाना मात्र छताला दुमडलेला असतो, तो रात्री खाली ओढतात आणि शिडीने वर चढावे लागते. गुडघेदुखीने त्रासलेला आमचा दादा दोन रात्री त्या शिडीवरून चढला आणि उतरला.

मावशीच्या जुन्या शत्रूचा, म्हणजे बोट लागण्याचा, विचार केबिन निवडतानाच करावा लागतो, हे फारसे कोणी सांगत नाही. जहाज हेलकावे खाते तेव्हा नाळ (पुढचे टोक) आणि वराम (मागचे टोक), तसेच वरचे मजले, जास्त हलतात. खालच्या मजल्यावर आणि लांबीच्या मध्याला हालचाल सर्वांत कमी असते. सुदैवाने स्वस्त केबिनही बहुधा खालीच असतात. आम्ही जहाजाचा नकाशा उघडून मध्यावरचा क्रमांक मागून घेतला. मावशीच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि ती मळमळ सुरू झाल्यावर नव्हे तर जहाज सुटण्याआधी घ्यायची असे बजावले. मावशीने गोळी घेतली, शिवाय आलेपाकाची पुडी जवळ ठेवली. घरी केलेले लाडू आणि चिवडा मात्र तिला मुंबईतच सोडावे लागले, कारण जहाजावर बाहेरचे शिजवलेले पदार्थ नेऊ देत नाहीत. इस्त्री, विजेची किटली आणि दारू यांनाही मनाई असते. आलेपाक कोणत्या सदरात बसला ते कळले नाही, पण तो तपासणीतून सुटला.

कागदपत्रांचा प्रश्न देशांतर्गत फेरीत सोपा असतो. भारतीय प्रवाशाला पारपत्र किंवा व्हिसा लागत नाही, आधारसारखे छायाचित्र असलेले ओळखपत्र पुरते. आधी संकेतस्थळावर नोंदणी पूर्ण करून बोर्डिंग पास काढावा लागतो आणि जहाज सुटण्याच्या बरेच तास आधी धक्क्यावर हजर राहावे लागते, कारण प्रवेश लवकर बंद होतो. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. केबिनची किल्ली असलेल्या कार्डावरच सगळा खर्च चढत जातो, आणि आपण पैसे खर्च करत आहोत याची जाणीव त्यामुळे पार बोथट होते. साधे जेवण, नाश्ता आणि चहा भाड्यात असतात. वेगळ्या उपाहारगृहातले जेवण, शीतपेये आणि बहुतेक सगळे गोड मोह वेगळ्या बिलाचे. वहिनींनी रोज रात्री स्वागतकक्षात जाऊन कार्डावर किती चढले ते विचारण्याचा शिरस्ता ठेवला होता, म्हणून तिघांचा वरखर्च दोन हजारांच्या थोडाच पुढे गेला. मोबाइलविषयी एवढेच सांगते की किनारा सुटला की तो विमानाच्या मोडवर टाकावा. जहाजाचे स्वतःचे नेटवर्क फोनने पकडले तर ते समुद्री रोमिंग ठरते आणि त्याचे दर जमिनीवरच्या माणसाला कल्पनेतही येत नाहीत.

मुंबई ते मुरगाव हे अंतर आधुनिक जहाजाला एका रात्रीत कापता येईल एवढेच आहे. तरीही मधला अख्खा दिवस ते समुद्रात रेंगाळते, कारण तो दिवसच विकायचा असतो. दादाने तो दिवस झोपण्यात आणि खाण्यात घालवला आणि वहिनींनी नाचगाण्याचे तिन्ही कार्यक्रम पाहिले. मावशीची मात्र निराशा झाली, आणि ती मला आधी सुचायला हवी होती. जुनी आगबोट किनाऱ्याकिनाऱ्याने जात असे. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे ती घेत असे, प्रत्येक ठिकाणी थोडे लांब उभी राहत असे आणि पडाव, म्हणजे होड्या, येऊन माणसे, टोपल्या, कोंबड्या आणि आंब्याच्या पेट्या उतरवून नेत असत. त्या बोटींची ‘कोकणसेवक’, ‘रोहिणी’, ‘सरिता’ ही नावे मावशीला अजून पाठ आहेत. आताचे जहाज खोल समुद्रात दूरवरून जाते. मावशी रात्री साडेनऊपर्यंत डेकवर शाल पांघरून दीपगृहे शोधत बसली आणि तिला काळोखाशिवाय काही दिसले नाही. बोट लागली नाही, एवढे मात्र खरे.

जहाज पणजीला का येत नाही, हा प्रश्नही तिनेच विचारला. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा दांडा आहे आणि नदीत एवढ्या मोठ्या जहाजाला लागणारी खोली नाही. मुरगाव हे झुवारीच्या मुखावरचे नैसर्गिक आणि खोल बंदर आहे. प्रवासाच्या नियोजनात हा भूगोल महत्त्वाचा ठरतो, कारण मुरगावला उतरलेला माणूस पणजीपासून सुमारे ३० किलोमीटर आणि मडगावपासूनही जवळपास तितकाच दूर असतो. ज्यांच्या डोक्यात गोवा म्हणजे कळंगुट आणि बागा आहे, त्यांना तिथे पोहोचायलाच अख्खे राज्य आडवे कापावे लागते. फेरी मुंबई-गोवा-मुंबई असेल आणि हातात सात-आठ तासच असतील तर उत्तरेकडच्या किनाऱ्यांचा नाद सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बोगमाळोचा किनारा आणि तिथले नौदलाचे विमान संग्रहालय बंदरापासून जवळ आहेत. फार तर जुने गोवे करून परत यावे. जहाजाने स्वतः काढलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबते, तुमची भाड्याची टॅक्सी उशिरा आली तर ते थांबत नाही. स्वतंत्रपणे फिरणाऱ्याने परतीच्या वेळेआधी दीड-दोन तास धक्क्यावर पोहोचण्याचा हिशोब धरला पाहिजे, म्हणजे फिरायला खरे तर चार-पाच तासच उरतात. आमची मंडळी कायमची उतरणार असल्यामुळे हे घड्याळ त्यांच्या मानगुटीवर नव्हते, आणि एकेरी तिकिटाचा हा फायदा पैशांत मोजता येत नाही.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. जहाज सकाळी सातला लागणार असे वेळापत्रकात होते, म्हणून मी ओळखीच्या टॅक्सीवाल्याला आठ वाजता बंदराशेजारच्या वास्कोला बोलावले आणि स्वतःही त्याच्याबरोबर गेले. जहाज लागणे आणि माणसे उतरणे यांत फरक असतो. सामानाच्या रंगीत पट्ट्यांप्रमाणे एकेका गटाला सोडतात, आदल्या रात्री दाराबाहेर ठेवलेल्या बॅगा खाली शोधाव्या लागतात, कार्डाचा हिशोब मिटवावा लागतो. मावशी बंदराच्या फाटकाबाहेर आली तेव्हा सव्वादहा झाले होते. टॅक्सीवाला सव्वादोन तास थांबला आणि त्याचे पैसे त्याने रीतसर घेतले. पुढच्या वेळी मी दहाच्या आधीची कोणतीही गाडी ठरवणार नाही.

गोव्यात बाहेरच्या माणसाला वाहतुकीचा अंदाज लवकर येत नाही. इथे मुंबईसारख्या ओला-उबर नाहीत. सरकारी मान्यतेची अ‍ॅपवरची टॅक्सी आहे, पण ती बंदराच्या आणि स्थानकांच्या दारात वेळेवर मिळेलच असे धरून चालू नये. कदंब महामंडळाच्या शटल बस मात्र मी कोणालाही बिनधास्त सुचवते. पणजी-मडगाव आणि पणजी-वास्को या मार्गांवर त्या मधे न थांबता धावतात, स्थानकावरच्या खिडकीत तिकीट काढून रांगेने बसायचे असते. एकट्याला थोड्या अंतरावर जायचे असेल तर मोटरसायकल ‘पायलट’, म्हणजे मागे बसवून नेणारी दुचाकी टॅक्सी, हा खास गोव्याचा प्रकार आहे, पण तो मावशीसाठी नव्हे. स्कूटर भाड्याने घ्यायची झाल्यास काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी; पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर पोलिसांच्या पहिल्या तपासणीतच ती महाग पडते.

पहिल्या दिवसाचा रस्ता मी मुद्दाम निवडला होता. वास्कोहून फोंड्याकडे येताना कुठ्ठाळी लागते, मग लोटली आणि बोरीचा पूल. कुठ्ठाळी म्हणजे जुनी कुशस्थळी, जिथे मंगेशाचे मूळ देऊळ होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या राज्यात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी लिंग उचलून झुवारीपलीकडे प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला, नेले, कारण तो प्रदेश तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता. शेजारच्या केळशीची शांतादुर्गा अशीच कवळ्याला गेली आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. मुरगाव ते फोंडा हा प्रवास म्हणजे देवांनी एकदा केलेलाच प्रवास आहे, आणि बंदरातून सरळ पणजीला जाणाऱ्याला तो कधी दिसत नाही. कुठ्ठाळीच्या तिठ्यावर मावशीने टॅक्सी थांबवायला लावली, खाली न उतरता हात जोडले आणि “चल” म्हणाली.

अग्रशाळा हा गोव्यातला सर्वांत कमी माहीत असलेला आणि माझ्या मते सर्वांत चांगला स्वस्त निवारा आहे. फोंडा महालातल्या मोठ्या देवस्थानांच्या आवारात यात्रेकरूंसाठी खोल्या असतात. खोल्या साध्या आणि स्वच्छ, आवारात जेवण शाकाहारी, रात्री फाटक वेळेवर बंद होते आणि मद्यपानाचा प्रश्नच येत नाही. ज्यांना गोव्यात येऊन नेमके हेच नको असते त्यांनी तिकडे फिरकू नये. फोन करून आधी विचारावे, जत्रेचे आणि सुटीचे दिवस टाळावेत. आम्हाला दोन खोल्या दोन रात्रींसाठी मिळून २,००० रुपयांत मिळाल्या. पहाटे नगारा वाजला आणि मावशीने खिडकीतून तळ्याकडे आणि दीपमाळेकडे पाहिले, तेव्हा जहाजावर न घेतलेल्या खिडकीचे पैसे वसूल झाले असे वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी म्हार्दोळ, कवळे आणि नागेशी केले. ही सगळी देवळे फोंड्याभोवती काही किलोमीटरांत आहेत आणि लोकल बसनेही होतात, पण मावशीचे वय पाहून अर्ध्या दिवसाची रिक्षा ठरवली. कवळ्याचे आजचे देऊळ अठराव्या शतकातले, शाहू महाराजांच्या काळात त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले. घुमट, कौलारू उतार आणि झुंबरे असे या देवळांचे रूप महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला आधी चक्रावून टाकते. सकाळी फोंड्याच्या बाजारात भाजी-पाव आणि मिरचीची भजी, दुपारी माझ्या घरी खतखते आणि सोलकढी. अग्रशाळेच्या अटीत जेवणाचा उल्लेख नव्हता, हे मी मावशीच्या लक्षात आणून दिले.

तिसऱ्या दिवशी जुने गोवे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या सहलीतला सर्वांत सुंदर भाग, म्हणजे दिवाडी. बाँ जेझूची बॅसिलिका आणि से कॅथेड्रल पाहून आम्ही व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली धक्क्यावर उतरलो. तिथली फेरीबोट पायी माणसाकडून एक पैसाही घेत नाही. गाडीचे थोडे शुल्क पडते. टॅक्सी फेरीत चढवून दिवाडी बेटावर उतरलो, शेतांमधून बेट ओलांडले आणि दुसऱ्या टोकाच्या फेरीने नार्व्याला गेलो. तिथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. कदंब राजांचे हे दैवत मूळचे दिवाडीवरचे. तिथले देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे आले आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावर तसा शिलालेख आहे. दादा तो बराच वेळ वाचत उभा होता. मावशी मात्र दोन्ही वेळा फेरीबोटीच्या कठड्याशी उभी राहिली. पाणी हाताच्या अंतरावर, खारफुटीची झाडे, समोरचा काठ स्पष्ट दिसतो आहे, खलाशी दोर फेकतो आहे. “ही बोट,” ती म्हणाली. “ते परवाचं हॉटेल होतं.” दोन रात्रींच्या ५६,००० रुपयांच्या जहाजापेक्षा दहा मिनिटांची फुकट फेरी तिला जास्त आवडली, हे ऐकून दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

ती रात्र पणजीत मळा या भागातल्या एका साध्या लॉजवर काढली, ३,००० रुपयांत दोन खोल्या. मळा निवडण्याचे कारण फोंताइन्हासच्या रंगीत गल्ल्या चालत जाण्याच्या अंतरावर असणे हे होते, आणि दुसरे कारण करमळी स्थानक. मुंबईहून येणारे बहुतेक लोक मडगावचेच तिकीट काढतात. पणजी किंवा जुन्या गोव्याकडून निघणाऱ्याला करमळी फार जवळ पडते आणि मांडवी एक्स्प्रेस तिथे थांबते. वंदे भारत वेगवान आहे, पण मी मांडवीच सुचवली, कारण ती दिवसा कोकणातून जाते, तिच्या खानपानाचे नाव आहे आणि तिचे भाडे कमी आहे. तिघांचे वातानुकूलित तिकीट धरूनही गोव्यातले तीन दिवस, तीन रात्री आणि परतीचा प्रवास १६,५०० रुपयांत झाला. जहाजाचे ५६,००० आणि वरखर्चाचे दोन हजार मिळून तिघांचा सगळा खर्च पंच्याहत्तर हजारांच्या आत बसला. हे स्वस्त आहे का, याचे उत्तर दादा देईल. परतीचेही जहाज घेतले असते तर लाखाच्या वर गेलो असतो, एवढे मात्र मी वहीतून दाखवू शकते.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी एक सूचना मधेच राहून गेली. हीच योजना उलटी करता येते: मुरगावला चढायचे, मुंबईला उतरायचे आणि दोन-तीन दिवस मुंबईत राहून रेल्वेने परतायचे. मुंबईतल्या राहण्याचा खर्च मात्र अग्रशाळेसारखा आटोक्यात राहत नाही, त्यामुळे तिथे नातेवाईक असणे हाच खरा उपाय.

करमळीच्या फलाटावर मी त्यांना गाडीत बसवून दिले. संध्याकाळी मावशीचा फोन आला. कुडाळला गाडी थांबली तेव्हा शेजारी बसलेले कुटुंब उतरले, ते वेंगुर्ल्याचे होते. कणकवलीला उतरलेले म्हातारे गृहस्थ देवगडचे निघाले, आणि चिपळूणला उतरण्यासाठी आतापासूनच बॅगा दाराशी नेऊन ठेवणारी मुले दाभोळची आहेत, असे तिने चौकशी करून शोधून काढले होते. तिच्या आगबोटीतले सगळे उतारू तिला या गाडीत भेटत होते. १९६९ साली रत्नागिरीला पडावात उतरताना एका बाईची आंब्याची पेटी पाण्यात पडली होती आणि अर्धी बोट कठड्यावरून वाकून ते तरंगणारे आंबे पाहत होती, ही गोष्ट तिने त्या दाभोळच्या मुलांना सांगितली होती आणि आता मला पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. मागून दादाचा आवाज आला की बटाटेवडा थंड होतो आहे.